रविवारी दादा रेडिओवर बोलणार

दादाचं पत्र आलं त्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गाद्यांच्या वळकट्या, पोत्यात भरलेली भांडी, दोरीनं बांधलेला पाटा आणि या सगळ्याच्या मधोमध हातात पत्र घेऊन उभे असलेले अण्णा. त्यांनी ते एकदा मनात वाचलं. मग पुन्हा मनात वाचलं. माय पिठाच्या हातांनी तशीच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, मोठ्यानं वाचा की अण्णा, पत्र काय तुमच्या एकट्याला आलंय? मला तेव्हा तेरावं लागलं होतं आणि वयाच्या मानानं माझी जीभ फार लांब आहे, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. मी ते खोटं पाडायचा कधी प्रयत्न केला नाही.

अण्णांनी वाचलं. येत्या रविवारी, अठ्ठावीस ऑक्टोबरला, लंडनच्या रेडिओवर परदेशात शिकणाऱ्या मुलांचा कार्यक्रम आहे. त्यात मी बोलणार आहे. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असेल, सात-साडेसात. कुठं तरी रेडिओ बघा आणि मायला ऐकवा.

मी पोत्यावरून उडी मारली ती भांड्यांवर पडले. कुणी रागावलंसुद्धा नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ एकनाथ. सरकारी शिष्यवृत्तीवर तो मँचेस्टरला सूतगिरण्यांचं इंजिनियरिंग शिकायला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. दर पंधरा दिवसांनी त्याचं निळं पत्र यायचं आणि ते उर्दूत असायचं. आता हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण आमच्याकडे ते नवल नव्हतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू. आमचं मूळ गाव परभणीकडचं, घरात बोलणं मराठी. पण अण्णांनी नोकरी केली उर्दूत आणि दादाला घातलं तेही उर्दूच्या शाळेत. मी उशिरा जन्मले म्हणून वाचले. माझ्या वेळेपर्यंत निजाम गेला होता आणि मला मराठी शाळा मिळाली. त्यामुळे आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी दोन माणसं होती आणि दोघांना एकमेकांचं अक्षर लागत नव्हतं. मायला दोन्ही येत नव्हतं. दादाचं पत्र अण्णा वाचायचे आणि वाचता वाचता त्याची मराठी करून मायला सांगायचे. म्हणजे दोन वर्षं मायनं मुलाचं जे काही ऐकलं ते अण्णांच्या आवाजात, आणि अण्णांचा आवाज म्हणजे महसूल खात्याचं परिपत्रक.

म्हणून माय त्या दिवशी एवढंच विचारत राहिली. "म्हणजे त्याचाच आवाज येईल ना? त्याचाच?"

अण्णा म्हणाले, त्याचाच. तिनं चारदा विचारलं आणि त्यांनी चारदा सांगितलं.

घरात सामानाचा पसारा होता त्याला कारण होतं. छप्पन्न सालच्या एक नोव्हेंबरला आमचं हैदराबाद राज्य मोडणार होतं. तेलुगू जिल्हे आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात आणि मराठी जिल्हे मुंबई राज्यात जायचे होते. फायलींच्या वाटण्या झाल्या तशा नोकरदारांच्याही झाल्या. अण्णा, म्हणजे अव्वल कारकून नामदेवराव, औरंगाबादच्या वाट्याला आले. तीस तारखेला सकाळी दहाला तिथं हजर व्हायचा हुकूम होता. त्यासाठी रविवारची, अठ्ठावीसचीच, रात्री साडेआठची गाडी धरायची होती. तिकिटं काढून झाली होती. औरंगाबादच्या कचेरीत आता सगळं मराठीत चालणार म्हणून अण्णा रोज संध्याकाळी माझ्या वहीत बाळबोध गिरवायला बसत. उर्दूच्या सवयीनं वही हटकून मागच्या बाजूनं उघडत. मी त्यांना ओरडायची आणि खरं सांगते, मला त्यात भारी मजा येई.

दादाला आमच्या बदलीचं काहीच माहीत नव्हतं. हुकूम आल्या दिवशी अण्णांनी त्याला लिहिलं होतं, पण त्याच्या पत्रावरून दिसत होतं की ते त्याला पोचलेलं नाही. दोन पत्रांची वाटेत चुकामूक झाली होती. मायला काळजी लागली ती याच गोष्टीची. तिला वाटे, पोरगं उद्या उठून आलं तर सरळ हैदराबादच्या या बरकतपुऱ्यातल्या घरी येईल आणि दाराला दुसऱ्याचं कुलूप बघेल. अण्णा तिला समजावत, अगं, तो काय बाजारातून येणार आहे का, सातासमुद्रापलीकडून यायचाय, तोवर दहा पत्रं जातील. तिला ते पटायचं नाही. पत्र आल्यापासून तिचं झोपेतसुद्धा तेच.

रेडिओ होता आमच्या मागच्या गल्लीत अप्पारावांकडे. अप्पाराव मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी तार ताणली होती आणि पुणे, मुंबई, लंडन कुठलं स्टेशन किती वाजता लागतं ते एका वहीत लिहून ठेवलं होतं. मराठीसाठी त्यांचा जीव इतका तुटायचा की भाजीवाल्याशी भाव करतानाही ते त्याला दोन मराठी शब्द शिकवून यायचे. मी त्यांना दादाची बातमी सांगितली तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभेच राहिले. त्यांनी वही काढली. लंडनचा मराठी कार्यक्रम रविवारी, पावणेसात ते सात. वेळ जवळपास जुळत होती! बरकतपुऱ्याचा मुलगा लंडनहून मराठीत बोलणार म्हणून त्यांनी सगळ्या गल्लीला आवतण दिलं, आणि त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, पन्नास माणसांचे पोहे भिजवले.

रविवार उजाडला. जड सामान मालगाडीनं पुढं गेलं होतं. उरलेल्या दोन ट्रंका आणि एक वळकटी साडेसहालाच टांग्यात चढवून अण्णांनी टांगा अप्पारावांच्या फाटकाशी आणून उभा केला. आमचे अण्णा गाडीच्या आधी दीड तास स्टेशनात बसणारे. घरून निघताना आमच्या अंगावरचे कपडे सोडले तर बाकी सगळं त्यांनी तीनदा मोजलं होतं. त्यांचा हिशेब साधा होता. सातला कार्यक्रम संपेल, सव्वासातला काचीगुडा स्टेशन, मग सव्वा तास फलाटावर शांतपणे घाबरत बसायचं.

मायनं लुगडं नेसलं होतं ते लग्नाकार्यातलं. मी म्हटलं, माय, रेडिओत तो दिसत नसतो आणि त्यालाही तू दिसणार नाहीस. ती म्हणाली, "मला दिसंल की मी." मग मीही वेणी पुन्हा घालून घेतली.

अप्पारावांची ओसरी, बैठक, पायऱ्या सगळं माणसांनी भरलं होतं. त्यांनी रेडिओवर विणलेला रुमाल टाकला होता तो काढला आणि नमनाला घडाभर तेल घालत मराठी भाषेच्या भाग्यावर दोन शब्द बोलले. दोन कसले, दोनशे असतील. मी मायच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.  अप्पारावांनी बटण पिळलं, शिट्टी वाजली, खरखर झाली आणि स्पष्ट मराठीत एक बाई बोलल्या. 

बातम्या झाल्या. मग एका गृहस्थांनी विलायतेतल्या संग्रहालयाची माहिती सांगितली. लांबलचक. मी मनात म्हटलं, संपवा हो आता, आमचा दादा मागं उभा असेल. मग त्या बाई पुन्हा आल्या, म्हणाल्या, आजचा कार्यक्रम इथेच संपला. आणि वाद्य वाजायला लागलं.

 अप्पारावांनी बटण थोडं इकडं, थोडं तिकडं केलं, जसा काही दादा शेजारच्या खोलीत जाऊन बसला असेल. मग लोक हळूहळू उठले. इंदुताई म्हणाल्या की पोहे तरी खाऊन जा, आणि कुणी खाल्ले, कुणी नाही. मला इतका राग आला होता की तो लाकडी खोका उचलून अंगणात फेकावा. एखाद्याच्या आईला असं लुगडं नेसून बसवायचं आणि वर संग्रहालय ऐकवायचं?

अण्णांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं. म्हणाले, काही तरी बदल झाला असेल, तो पत्रातून कळवील, चला आता. त्यांचा आवाज परिपत्रकाचाच होता, पण त्यांना रुमाल खिशात घालायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

माय उठली नाही. ती रेडिओकडे बघत होती. मला वाटलं, रडणार. पण ती विचार करत होती. माय विचार करायला लागली की तिच्या कपाळावर एकच आडवी रेघ पडते.

"त्यानं पत्रात लिहिलं का, मराठीत बोलणार म्हणून?"

अण्णा म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही, पण त्यात लिहायचं काय?

"त्याला शाळेत मराठी कोणी शिकविली? दोन वर्षांत एक तरी पत्र त्यानं मराठीत लिहिलं का? लिहिताच येत न्हाई त्याला. मग चार माणसांपुढं भाषण तो मराठीत कसा करंल?" ती आता अण्णांकडे बघत होती. "पोरगं उर्दूत बोलणार हाय. तुम्ही समदे शहाणे मराठी लावून बसलात."

घोडं कुठं पेंड खात होतं ते एका क्षणात सगळ्यांना कळलं. मला कळलं, अप्पारावांना कळलं, आणि अण्णांचं तोंड असं झालं की मला त्यांची दया आली. दादाला उर्दूत घाला म्हणून तेच आजोबांशी भांडले होते. आणि त्यांचीच जीभ अशी दुहेरी होती की पोराचं उर्दू पत्र मराठीत सांगता सांगता, पोरगं उर्दूत लिहितं हेच ते विसरून गेले होते.

पण लंडनचं उर्दू किती वाजता लागतं? अप्पारावांच्या वहीत ते नव्हतंच. त्यांनी ते कधी लिहून ठेवलंच नव्हतं. अण्णा कचेरीत कुणाला विचारलं असतं असं म्हणाले, पण रविवारी कचेरी कुठली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. आमचा टांगेवाला मघापासून गजांना धरून आत बघत उभा होता.

"लंदन का उर्दू तो साडेसात कू आता साब. हमारे चाय के होटल में रोज लगाते. पच्चीस मिनट बाकी हैं अब्बी."

मी आनंदानं ओरडले. अण्णा मात्र मटकन खाली बसले. साडेसातला सुरू होणार, आठपर्यंत चालणार. आठला निघालं तर साडेआठची गाडी. वाटेत एखादं चाक निखळलं, एखादी म्हैस आडवी आली, तर राज्य बदलायच्या मुहूर्तालाच नामदेवराव गैरहजर. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी उशीर झाला नव्हता. ते म्हणाले, दादा पुन्हा कधी तरी बोलेलच. म्हणाले, तुम्ही दोघी थांबा, मी पुढं जातो. म्हणाले, छे, तुम्ही दोघी एकट्या कशा येणार. ते स्वतःशीच भांडत होते.  मायनं फक्त पदर सारखा केला आणि रेडिओच्या आणखी जवळ सरकून बसली. मग अण्णांनी घड्याळ मनगटावरून काढलं, कोटाच्या आतल्या खिशात टाकलं आणि तेही तिच्या शेजारी जाऊन बसले. अण्णांना घड्याळाविना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते फार आवडले.

अप्पारावांचा चेहरा आंबट झाला होता. मराठी मुलगा लंडनला जाऊन उर्दूत बोलणार हे त्यांना गिळवत नव्हतं. पण बटण दुसऱ्या कुणाच्या हातात ते देणार थोडेच! केसभर पिळायचे, कान लावायचे, पुन्हा केसभर पिळायचे. चिनी आलं, रशियन आलं, कुणी तरी गात होतं ते आलं. टांगेवाला खिडकीतून सांगायचा, "और थोडा, और थोडा, बस!" आणि एकदम धीरगंभीर उर्दू खोलीत आली. गेलेले लोक गल्लीतून परत फिरले.

बातम्या. मग एक उर्दू गझल, तिच्या प्रत्येक ओळीला टांगेवाला वाहवा म्हणत होता आणि मी त्याला शिव्या देत होते, मनात. मग निवेदक म्हणाला, आज आमच्याकडे मँचेस्टरहून एक नौजवान आले आहेत, हैदराबाद दखनचे जनाब एकनाथराव.

"आदाब अर्ज है," दादा म्हणाला.

मायनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. तोच आवाज होता. थोडा जाड झाला होता, सर्दी झाल्यासारखा, पण तोच. अण्णांनी सवयीनं लगेच सुरू केलं, तो म्हणतोय की, नमस्कार...

"तुम्ही बोलू नका," माय म्हणाली. "मला ऐकू द्या."

अण्णा गप्प झाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

दादा काय सुंदर बोलत होता! मला अर्धं कळत होतं, मायला भाजीबाजारातल्या दखनी उर्दूमुळे पाव कळत असेल. धुकं, गिरण्या, थंडीत गोठलेला नळ. टांगेवाला हळूच म्हणाला, क्या साफ जबान है बच्चे की, आणि मायची मान अशी ताठ झाली की ते शब्द तिनं सोन्याच्या पेटीत ठेवून दिले असावेत. निवेदकानं विचारलं, जेवणाचं कसं करता? दादा म्हणाला, वाळलेले वाटाणे घरमालकिणीच्या कॉफीच्या चक्कीत दळले आणि पिठलं केलं. त्या सगळ्या अवघड उर्दूत पिठलं हा एकच शब्द आमचा होता. माय मोठ्यानं हसली. म्हणाली, वाटाण्याचं? आणि तोंडावर पदर धरून पुन्हा हसली. मग घरमालकीण दोन दिवस कॉफीला वास येतो म्हणून रागावली होती, हे दादानं सांगितलं आणि ते अण्णांनी तिला न राहवून सांगितलंच. आवाज मधूनच लांब जायचा, विहिरीत उतरल्यासारखा. मग अप्पाराव बटणावर वाकायचे आणि त्याला वर काढायचे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मग निवेदकानं विचारलं, ऐकतो की तुमच्या राज्याचे तीन भाग होताहेत. मग आपण आता कुठले?

दादा थोडा हसला. म्हणाला, खरं सांगायचं तर मलाच माहीत नाही. घरच्यांचं पत्र आलेलं नाही. मी इथं आलो तेव्हा माझं घर एका गावात होतं, परत जाईन तेव्हा कुठं असेल हे विचारूनच तिकीट काढावं लागेल. निवेदक हसला. आमच्याकडे कुणी हसलं नाही. 

वेळ संपत आली आहे, घरच्यांना काही सांगायचं असेल तर सांगा, असं तो गृहस्थ म्हणाला. दादानं एक लांब, नक्षीदार वाक्य म्हटलं. वालिद-वालिदा म्हणजे आईवडील, त्यांना दुआ, सलाम. टांगेवाल्यानं मान डोलावली. मायच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग नुसती खरखर. मला वाटलं, स्टेशन गेलं. आणि त्या खरखरीतून, घाईघाईनं, दारात चपला घालता घालता बोलावं तसा दादा म्हणाला, "माय, मे महिन्यात परीक्षा हाय. झाली की येतो. येतो, माय."

आमच्याकडे घरातून निघणाऱ्यानं येतो म्हटलं की राहणाऱ्यानं ये म्हणावंच लागतं. ते उत्तर तोंडातच ठेवलं तर माणूस उंबऱ्यावर अडकून राहतो, असं मायचं ठाम मत. ती उठली. रेडिओच्या लाकडावर तिनं हात ठेवला. आतून वाद्य वाजायला लागलं होतं.

"ये," ती म्हणाली. "पण बरकतपुऱ्यात येऊ नको, बाबा. इथं आता आम्ही न्हाई. औरंगाबादला ये. टेसनावर उतरलास की टांगेवाल्याला औरंगपुरा म्हण. तिथं विहीर हाय म्हणत्यात, तिच्या अंगाचं घर."

अप्पारावांना शिकवल्याशिवाय राहवेना. ते म्हणाले, वहिनी, रेडिओतून पलीकडे ऐकू जात नसतं, हे तर आधी बोलून ठेवलेलंही असेल. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. बाहेर टांगेवाला घोड्याला पुढं घेत होता. आठ वाजून गेले असतील, अण्णांनी घड्याळ काढलं नाही.

माय अडखळली होती. घराचा नंबर तिला माहीत नव्हता. अण्णा पुढं झाले, रेडिओपुढं जरासे वाकले आणि कचेरीत साहेबापुढं बोलतात तसं नीट, सावकाश, मराठीत म्हणाले, "घर नंबर तीनशे सतरा."